अंगाला कोणते तेल लावावे?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



बॉयलर अग्निप्रदीपन झाले, तोडणीच्या टोळ्या येऊ लागल्या आणि दिवाळी तोंडावर आली. या अंकात माझ्याकडून खोडव्यातील पाचटाबद्दल लेख यावा अशी अपेक्षा होती. तो पुढच्या अंकात देतो. या खेपेचा विषय मी निवडलेला नाही, एका आक्कांनी निवडला आहे.

गेल्या महिन्यात एका गटात मेळावा होता. आडसाली लागणीची भांगलण, बाळबांधणी, खताचा हप्ता असे सगळे सांगून झाल्यावर नेहमीप्रमाणे विचारले, "काही शंका असतील तर बोला." पुरुष मंडळी एकमेकांकडे बघत बसली. मागच्या रांगेतून एक आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, उसाला किती खत, किती पानी ते तुमी समदं सांगतासा. भांगलून भांगलून आमची कंबर धरलीया, तिला कुठलं त्याल लावायचं ते बी सांगा की एकदा."

सगळा मंडप हसला. मीही हसलो आणि "सांगतो पुढच्या वेळी" म्हणून सुटका करून घेतली. पण गाडीवर परत येताना मला एक जुनी बाटली आठवली आणि हसू गेले.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. हुमणीची पाहणी करत मी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. चहा ठेवला होता. अंगणात आजी पाय लांब करून बसलेल्या आणि पायांवर दोन-अडीच महिन्यांचे नातवंड. मालिश चालली होती. बाळ हातपाय झाडत होते, आजी काहीतरी गुणगुणत होत्या. बघायला छान वाटत होते. मग शेजारी ठेवलेल्या बाटलीवर नजर गेली. लेबल खरडून काढलेले होते, पण बाटलीचा आकार आणि टोपणाचा रंग मी अंधारातही ओळखला असता. हुमणीसाठी त्या वस्तीवर जे औषध गेले होते त्याचीच ती लिटरची बाटली. आत घरचे करडईचे तेल भरून ठेवलेले.

मी विचारल्यावर आजी म्हणाल्या, "धुतलीया की. राखंनं तीनदा घासून धुतलीया. चांगली जाड बाटली, टाकायची कशी?"

चहा तसाच राहिला. बाळाला साबणाने दोनदा अंघोळ घातली, कपडे बदलले आणि माझ्याच गाडीवरून आई-बाळाला ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतले, बाळाच्या डोळ्यांच्या बाहुल्या, श्वास, तोंडाला येणारी लाळ बघत राहिले. नशिबाने काही झाले नाही. तो मुलगा आता शाळेत जातो आणि मला बघितला की पळून जातो.

त्या घरच्यांना मी दोष देत नाही. ते औषध वापरा म्हणून मीच सांगितले होते. किती मिली, किती पाण्यात, कधी, हे सगळे मी फळ्यावर लिहून दिले होते. रिकाम्या बाटलीचे काय करायचे याबद्दल मात्र एक अक्षर बोललो नव्हतो. म्हणून आक्कांच्या प्रश्नाचे उत्तर आज जरा विस्ताराने देतो.

तेल नेमके करते काय?

आपल्याकडे समज असा की चोळलेले तेल मुरत मुरत हाडापर्यंत जाते. तसे होत नाही. बहुतेक तेल कातडीच्या अगदी वरच्या थरात राहते. तिथे ते दोन कामे करते. एक, कातडीतला ओलावा उडून जाऊ देत नाही. दोन, हाताला घसरण देते, म्हणजे चोळताना कातडी ओढली जात नाही आणि स्नायूवर सारखा दाब देता येतो. आखडलेला स्नायू सैल होतो तो या दाबाने आणि उबेने. कंबरेला आराम पडतो तो निम्म्याहून जास्त चोळणाऱ्या हाताने. हे एकदा ध्यानात आले की दोनशे रुपयांच्या तेलाने जे होणार नाही ते हजार रुपयांच्या तेलाने होईल, ही आशा सुटते.

मग तेल निवडायचे कशावरून? माझा नियम साधा आहे. जे तेल आपण बिनधास्त कालवणात घालू, तेच अंगाला लावावे. ते ताजे असावे आणि ज्या भांड्यात ते आहे त्या भांड्याचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक असावा. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा चांगले तेल लावतो. बैलाला खवट तेल लावू म्हटले तर घरातला म्हातारा काठी घेऊन येईल. तोच म्हातारा स्वतःच्या गुडघ्याला मात्र डिझेल चोळतो!

ही थट्टा नाही. डिझेल, रॉकेल, इंजिनातले जळके ऑइल, इतकेच काय, डीपीतले म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधले तेल सांधेदुखीवर 'एक नंबर' म्हणून मागणारे लोक मी आपल्याच कार्यक्षेत्रात पाहिले आहेत. डिझेल-रॉकेलने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. ती जी आग होते तिलाच लोक गुण समजतात. ट्रान्सफॉर्मरचे तेल हे खनिज तेल, त्यात वर्षानुवर्षे उष्णतेने तयार झालेली घाण, आणि जुन्या काही ट्रान्सफॉर्मरांत तर घातक रसायने वापरलेली असत. त्याच्याकडे बघूही नका.

घरची तेले

तिळाचे तेल पहिले. तेल हा शब्दच मुळी तिळावरून आला आहे. आयुर्वेदात अभ्यंगाला तीळतेल श्रेष्ठ मानले आहे आणि नारायण तेल, महानारायण तेल यांचाही पाया तिळाच्या तेलाचाच. आमच्या पदविकेच्या अभ्यासात तेलबिया हा विषय होता, त्यात शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी आहे. तिळात सेसमिन आणि त्याच्या जातीची काही द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे हे तेल हवेने लवकर खराब होत नाही. म्हणून जुन्या वैद्यांनी औषधी तेलांसाठी तीळ निवडला असेल तर त्यात नवल नाही. हाताला घसरण चांगली, फार चिकट नाही, फार पातळ नाही. कंबर, पाठ, पोटऱ्या, खांदे यांना मोठ्या माणसांसाठी हेच तेल मी पहिले सांगेन. आक्का, तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर हे. पण लेख पुढेही वाचा.

खोबरेल तेल आपल्या ओळखीचे. साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजते, हे थंडीत रोज सकाळी दिसते. थिजणे हा त्याचा गुण आहे, भेसळ नव्हे. उलट कडक थंडीत जे 'खोबरेल' अजिबात थिजत नाही त्याच्याबद्दल शंका घ्यावी. हे तेल टिकाऊ आहे आणि कोरड्या कातडीला चांगले. मुंबईत कमी वजनाच्या नवजात बाळांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या बाळांचे वजन खनिज तेल लावलेल्या बाळांपेक्षा बरे वाढलेले दिसले. खोबरेल खाण्याचे की केसांचे, हा करापुरता वाद मात्र आपल्या देशात वर्षानुवर्षे चालला. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाद्यतेल म्हणून विकलेले शुद्ध खोबरेल छोट्या बाटलीत आहे एवढ्यावरून केशतेल ठरत नाही. आपल्या आजीला हे आधीच माहीत होते. आपण मात्र बाटलीवर 'खाद्यतेल' लिहिले आहे का ते बघून घ्यावे. सुवासिक, रंगीत केशतेल मालिशसाठी नको.

करडईचे तेल हे आपल्या जिरायती माळाचे तेल, आणि दुर्दैवाने आता ते मागे पडले आहे. एके काळी शाळूच्या कडेने करडईचे पट्टे असायचे. तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. तिच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइक नावाचे स्निग्धाम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असते. हेच आम्ल आपली कातडी स्वतःच्या संरक्षक थरासाठी वापरते. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलातही ते भरपूर असते. ढाक्याच्या बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावून पाहिले, तेव्हा त्यांच्यात जंतुसंसर्ग स्पष्ट कमी झाला. तो अभ्यासही २००५ सालचाच. तेव्हा नाजूक कातडीला करडई किंवा सूर्यफूल हे चांगलेच.

पण या तेलांची एक खोड आहे. ती हवेने लवकर खवट होतात, आणि अंगावर तशीच ठेवली तर चिकट सायीसारखी बसतात. म्हणून थोडे आणावे, महिन्या-दोन महिन्यांत संपवावे आणि मालिशनंतर तासाभरात अंघोळ करावी. हीच खोड जवसात इतकी जास्त आहे की जवसाचे तेल रंग-वार्निशात घालतात, कारण ते वाळून घट्ट होते. जवस चटणीत उत्तम, मालिशला नको. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून कधी ठेवू नका. आपोआप तापून पेटतात. हे खरे आहे, पाचटाची गंजी जवळ असेल तर विशेष.

शेंगदाण्याचे म्हणजे आपले गोडेतेल मोठ्या माणसांना काही वाईट नाही, स्वयंपाकघरात असतेच. फक्त तान्ह्या बाळाला, त्यातून अंगावर पुरळ असेल किंवा कातडी फाटून ओली झाली असेल तर घाण्याचे कच्चे गोडेतेल लावू नये. काहींना अशाने शेंगदाण्याची ॲलर्जी जडू शकते. एरंडेल दाट, नुसते लावले तर हात अडकतो. एक भाग एरंडेल आणि चार भाग तीळतेल केले की टाचेच्या भेगांना, कोपराला छान. सरकी आणि सोयाबीनचे रिफाइंड तेल चालते, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखे काही नाही.

घाण्याचे की रिफाइंड, हा प्रश्न हमखास येतो. घाण्याच्या तेलात बीचा वास आणि नैसर्गिक टिकाऊ द्रव्ये राहतात, मात्र ओलावा आणि गाळही राहतो. रिफाइंड तेल स्वच्छ, वास नाही, कातडी फार नाजूक असेल तर ते सोसते. रिफाइंडमध्ये 'राम नाही' असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मालिशपुरते दोन्ही चालते. चालत नाही ते तळणाचे उरलेले तेल. दिवाळीत चकलीचे तेल उरले की ते न्हाणीघरात जाते. काटकसर म्हणून ठीक वाटते, पण वारंवार तापून ते बिघडलेले असते. बुडाशी थोडेच उरेल अशा बेताने कढईत तेल घाला, हा उपाय बरा.

मोहरीचे तेल आणि पिवळा धोतरा

हा भाग जरा नीट वाचा. आपल्याकडे मोहरीच्या तेलाची परंपरा नाही, ती उत्तरेकडची. पण कारखान्यात आणि गुऱ्हाळांवर तिकडून आलेले कामगार असतात, त्यांच्याकडे बघून आणि दुकानात सहज मिळते म्हणून आपले लोकही थंडीत ते वापरू लागले आहेत. लावले की झणझणते. लोक म्हणतात, गरम तेल आहे, थंडी काढते. ती झणझण मोहरीतल्या तिखट द्रव्याची असते, मिरची लागावी तशी. मोठ्या माणसाच्या पाठीला ती सोसते, काहींना आवडतेही. तान्ह्या बाळाच्या कातडीचा संरक्षक थर मात्र त्याने बिघडतो. बाळाला मोहरीचे तेल लावू नये.

दुसरी गोष्ट भेसळीची. तुमच्या बांधावर, ओढ्याकाठी, पडीक रानात पिवळा धोतरा उगवतो. पानांना काटे, पानांच्या शिरा पांढरट, पिवळे फूल, मोडला की पिवळा चीक. त्याचे काळपट बारीक बी मोहरीत मिसळले तर नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढणे अवघड. या बियांचे तेल विषारी आहे. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरी तेलाने साथ आली, साठांवर माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. पायांना सूज, धाप लागणे, डोळ्यांतला दाब वाढून नजर जाणे असा तो आजार. आणि या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, असे तेल पोटात न जाता नुसते अंगाला चोळूनही हा आजार झाल्याची नोंद आहे. तेव्हा मोहरीचे तेल वापरायचेच तर सीलबंद, नाव-परवाना असलेले. सुटे, बिननावाचे अजिबात नको. पिवळ्या धोतऱ्याची झाडे बी धरण्याआधी उपटावीत हे मी ऊस विकास अधिकारी म्हणूनही सांगतो.

बाळाची मालिश

बाळाला करडई, सूर्यफूल किंवा खोबरेल. तेल कोमट असावे, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावे. नवे तेल पहिल्यांदा आणले तर बाळाच्या हातावर रुपयाएवढ्या जागी लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. लाल झाले नाही तर पुढे जावे. शहरातून नातेवाईक ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली भेट म्हणून आणतात. ती स्वयंपाकात वापरा. ऑलिव्ह तेलाने कातडीचा थर घट्ट होण्याऐवजी सैल होतो असे तपासणीत दिसले आहे, नवजात बाळाला त्याची गरज नाही. बाजारातल्या 'बेबी ऑइल'मध्ये पुष्कळदा खनिज तेल असते. ते विष नव्हे, पण आपल्या घरच्या तेलापेक्षा सरस आहे म्हणून जास्त पैसे मोजण्याचेही कारण नाही.

काही जुन्या पद्धती मात्र सोडल्या पाहिजेत, वडीलधाऱ्यांचा मान ठेवून सांगतो. बाळाच्या नाकात तेलाचे थेंब घालू नयेत. ते श्वासातून फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो, तो बरा व्हायला जड. कानात, डोळ्यांत आणि ताज्या बेंबीवरही तेल नको. बाळाच्या तेलात कापूर घालू नये. कापराचे तेल चमचाभर पोटात गेले तर लहान मुलाला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. निलगिरीच्या तेलाचेही तसेच. कडुलिंबाचे तेल बाळाला पाजू तर नयेच, हाताला लागेल असे ठेवूही नये. आणि कृषी सेवा केंद्रात जे निंबोळी तेल किंवा निंबोळी अर्क मिळतो तो पिकासाठी आहे, त्यात पाण्यात मिसळावे म्हणून इतर द्रव्ये घातलेली असतात. 'निंबोळी म्हणजे औषधीच' असे समजून तो खाज सुटलेल्या अंगाला लावणारे मला भेटले आहेत.

दुखण्याची तेले

आठवडी बाजारात माइक लावून विकतात ती तेले बहुधा कापूर, पुदिन्याचा अर्क, मिरची किंवा विंटरग्रीन यांच्या जोरावर चालतात. लावले की गार किंवा गरम वाटते, मेंदूचे लक्ष दुखण्यावरून हलते, तेवढा वेळ बरे वाटते. यात फसवणूक आहेच असे नाही. पण बाटलीवर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख नसेल तर घेऊ नका. विंटरग्रीनचे तेल पोरांच्या हाती लागू देऊ नका, त्याचा चमचाभर घोट म्हणजे ॲस्पिरिनच्या कितीतरी गोळ्या एकदम. घरीच करायचे तर पावशेर तीळतेलात दहा-बारा लसूण पाकळ्या आणि चमचाभर ओवा मंद आचेवर, लसूण बदामी होईपर्यंत तापवा आणि गाळून घ्या. कच्चा लसूण वाटून गुडघ्याला बांधू नका, फोड येतात.

आणि तेलाचे काम नसते तिथे तेल लावून वेळ घालवू नये. छातीत दुखून डाव्या हाताला, जबड्याला कळ गेली, घाम फुटला, तर 'वात धरलाय' म्हणून चोळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नका, आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून वर जाते. मोडलेले हाड, ताप, उघडी जखम यांवर मालिश नाही. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या तळपायाला गरम-गार कळत नाही. त्यांना तेल कोमटच, तेही दुसऱ्याने हात लावून बघितलेले, आणि बोटांच्या बेचक्यात तेल साचू देऊ नये.

फवारणी, बाटल्या आणि डबा

काही जण फवारणीला जाताना अंगाला तेल चोपडून जातात. त्यांना वाटते, तेलाचा थर औषध आत जाऊ देत नाही. शेतातली पुष्कळ औषधे तेलातच विरघळणारी असतात. तेल लावून गेलात तर त्यांना अंगाला चिकटून बसायला सोयच होते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडके ही खरी ढाल. घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ, धुतलेले कपडे, आणि मगच वाटले तर मालिश. पाल्याने चिरलेल्या हातांना आणि कूस टोचलेल्या मानेलाही आधी साबण-पाणी, कोरडे झाल्यावर खोबरेल.

औषधाची बाटली रिकामी झाली की ती तिथेच शेतावर तीन वेळा खळबळून ते पाणी पंपातच ओतावे, बाटलीला सळईने भोक पाडावे आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. भोक पाडलेल्या बाटलीत कोणी तेल भरत नाही. औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरते, तेल भरले की ते हळूहळू तेलात उतरते, राख-साबण तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून कितीही जाड, कितीही चांगली असली तरी ती बाटली घरात येता कामा नये.

ज्या सभासदांचा थोडा जिरायती तुकडा आहे त्यांनी पाच गुंठे करडई करून बघावी. हंगाम बरा असेल तर चाळीस-पन्नास किलो बी येते, त्याचे घाण्यावर दहा किलोच्या आसपास तेल मिळते. एका माणसाच्या मालिशला दोन-तीन चमचे तेल पुरते, तेव्हा घरातल्या सगळ्यांची मालिश आणि वरचे कालवणही भागते, पेंड जनावरांना. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाणी साठणारी जमीन नको. एकदम सगळे बी गाळू नका, महिन्या-दोन महिन्यांच्या गरजेपुरते गाळा, बी राहते, तेल राहत नाही. घाण्यावर जाताना स्टीलचा डबा न्या, आतून पुसून उन्हात पूर्ण कोरडा केलेला. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल लवकर खवट होते. तेल आणल्यावर दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ काढून घ्या, गाळ वेगळा करा, आणि डबा चुलीपासून, खिडकीपासून लांब ठेवा. डब्यावर कशाचे तेल आणि कोणत्या तारखेचे, हे चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. घरात लिहिता न येणारी आजी असेल तर करडईच्या डब्याला पिवळा दोरा आणि तिळाच्या डब्याला पांढरा दोरा बांधला तरी चालते. त्या वस्तीवरच्या आजींनी हीच युक्ती केली आहे.